आवाज कधी थांबतो?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो. मे महिना, गाडीत आम्ही पाच जण, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या आणि लग्नाच्या आहेराचं गाठोडं, एसी चालू. पुढे सिमेंटची पोती भरलेला ट्रक रांगत होता. त्याला मागे टाकायला तिसऱ्या गियरमध्येच पाय दाबला आणि पुढून आवाज आला. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून कुणी हलवावा तसा. पाय सैल केला, आवाज गायब. पुन्हा दाबला, पुन्हा हजर. "काहीतरी खुळखुळतंय गं," मागून सासूबाई म्हणाल्या. "खुळखुळ नाही, टरटर वाजतंय," बायको म्हणाली. मुलाच्या मते ती किणकिण होती.

मी मात्र ठाम होतो. गाड्यांबद्दल चार गोष्टी वाचलेला माणूस ठामच असतो. चढ, जादा वजन, वरचा गियर, दाबलेला पाय आणि खिळ्यांचा आवाज, म्हणजे हे नॉकिंगच. साताऱ्यात पंपावर महागातलं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं. दोन दिवसांनी परत येताना आवाज नाही! घरच्यांना नॉकिंगवर एक छोटं व्याख्यानही देऊन झालं. साताऱ्याहून पुण्याकडे येताना तो घाट चढावा लागत नाही, बोगद्यातून येऊन उतरायचं असतं आणि आंबे-आहेर तर तिकडेच राहिले होते, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

पुढच्या महिन्यात पसरणीच्या घाटात आवाज परत आला, टाकीत तेच महाग पेट्रोल असताना. मग एका चकचकीत गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मुलाने बोनेट उघडून न्यूट्रलमध्ये दोनदा रेस दिली. आवाज आला नाही. तरीही "इंजिन खोलावं लागेल, चेन आणि टॅपेट बघावे लागतील" असं सांगून त्याने जॉब कार्डाच्या मागे पंचेचाळीस हजारांचा आकडा लिहून दिला. तो कागद खिशात घालून मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. आवाजाची नक्कल करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"कसा येतो ते नका सांगू, साहेब. कधी थांबतो ते सांगा."

आवाजाला नाव देण्यात मराठीचा हात कुणी धरणार नाही. खडखड, खळखळ, घरघर, चिरचिर, टिकटिक, ठकठक, शब्दांना तोटा नाही. पण खंबाटकीत दिसलं तेच सगळीकडे होतं. एकाची खुळखुळ ती दुसऱ्याची टरटर. शिवाय लोखंड आवाज वाहून नेतं. पुढच्या चाकापाशी जन्मलेला आवाज डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो, आणि सायलेन्सरच्या पाइपातला थेट ड्रायव्हरच्या सीटखालून. वेळेबद्दल मात्र भांडण होत नाही. कोणत्या गियरला, किती वेगाला, इंजिन गार असताना की तापल्यावर, पाय दाबल्यावर की उचलल्यावर, आणि मुख्य म्हणजे काय केलं की बंद होतो, हे गाडीतले पाचही जण सारखंच सांगतात.

शोध सुरू करायचा तो गाडी रिकामी करून. डिकीतला जॅक, स्टेपनीखालचा सुटा पाना, दाराच्या कप्प्यातली स्टीलची बाटली, चष्म्याची डबी, सीटखाली घरंगळलेलं नाणं, सगळं बाहेर. हसू येईल, पण गाडी वेग घेताना सगळं सामान मागे सरकतं आणि नेमकं तेव्हाच वाजतं. इंजिनाचा आवाज म्हणून आलेल्या एका गाडीत मिस्त्रींना डिकीत पूजेची घंटा सापडली होती. मालक दोन गॅरेजं फिरून आले होते.

गाडीत दोन घड्याळं चालू असतात असं समजा. एक इंजिनाचं, एक चाकांचं, आणि गियरबॉक्स त्या दोघांना जोडतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे झाले. त्याच वेळी ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या छोट्या गाडीचं चाक सेकंदाला जेमतेम नऊ-सव्वानऊ वेळा फिरत असतं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ६० चा वेग धरा. आधी तिसऱ्या गियरमध्ये, मग पाचव्यात. गियर बदलल्यावर आवाजाची पट्टी बदलली तर तो इंजिनाच्या घड्याळावर चालतो. तसाच राहिला तर टायर, व्हील बेअरिंग किंवा अ‍ॅक्सल. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते, आणि लांब वळणावर गाडीचं वजन ज्या चाकावर येतं त्या बाजूची असेल तर जास्त घुमते. बऱ्याच इंजिनदुरुस्त्या एवढ्या एका परीक्षेने टळतात. मात्र घाटात उतरताना न्यूट्रल टाकून असला प्रयोग करू नये. इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो.

इंजिनाच्या आतही दोन गती असतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक. त्यामुळे गाडी उभी असताना, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, एखाद्या व्हॉल्व्हचा टॅपेट सेकंदाला सहा-सात वेळा टिकटिकतो आणि खालचं क्रँकचं बेअरिंग वाजत असेल तर ते तेरा-चौदा वेळा. सरावलेला कान हा फरक सहज पकडतो. टॅपेटची टिकटिक हलकी, शिवणयंत्रासारखी आणि वरच्या बाजूची असते. तिच्यामागे ऑइल कमी असणं, जुनं होणं किंवा टॅपेटची फट वाढणं असतं. ही फट पाव मिलिमीटरच्या आसपासची. फीलर गेज घालून ती बसवता येते. ज्या गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट असतात तिथे ऑइलच ती फट भरतं, म्हणून तिथे आधी ऑइल बदलून बघायचं.

आणि मग तिसरी गोष्ट, जी त्या चकचकीत गॅरेजातल्या मुलाला सुचली नाही: भार. न्यूट्रलमध्ये ३००० पर्यंत रेस दिली तर इंजिन फक्त स्वतःला फिरवत असतं. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल नाममात्र जातं. घाटात त्याच ३००० फेऱ्यांवर पाय दाबलेला असतो तेव्हा सिलिंडर भरभरून घेतो आणि आतला दाब कितीतरी पटींनी चढतो. जो आवाज चढावरच येतो तो न्यूट्रलमध्ये शोधणं म्हणजे जिना चढताना धाप लागणाऱ्या माणसाला झोपवून त्याची नाडी बघण्यासारखं.

आता नॉकिंग. माझं निदान चुकलं होतं ही गोष्ट वेगळी, पण हा आवाज खराच असतो आणि त्याची गोष्ट मोठी आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडली की स्फोट होतो असं आपण बोलून जातो. तसं होत नाही, होऊ नये. स्पार्क प्लगपाशी ज्योत पेटते आणि वाळल्या गवतात वणवा सरकावा तशी सेकंदाला दहा-वीस मीटरच्या वेगाने पुढे पसरते. कडेला शेवटी उरलेलं मिश्रण मात्र या पसरत्या ज्योतीने दाबलं जातं, तापतं, आणि ज्योत पोचायच्या आधी स्वतःच पेटलं तर एकदम पेटतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटून मागे-पुढे धावू लागते. साधारण ८० मिलिमीटर रुंद सिलिंडरमध्ये ही थरथर सेकंदाला सहा-सात हजार वेळा होते. म्हणून तो आवाज ठकठक नसतो, पत्र्यासारखा चिरका असतो.

इंजिनावर एका बोल्टने बसवलेला छोटा नॉक सेन्सर नेमकी हीच थरथर ऐकत असतो. त्यातल्या स्फटिकावर दाब आला की वीज निर्माण होते. संगणक ती वाचतो आणि ठिणगी काही अंशांनी उशिरा पाडतो. आवाज थांबतो. पण उशिरा पडलेल्या ठिणगीतून ताकद कमी मिळते, त्यामुळे आजच्या गाडीत नॉकिंग कानाला कमी आणि खिशाला जास्त कळतं. पिकअप जातो, अ‍ॅव्हरेज घसरतं. सेन्सर असूनही आवाज स्पष्ट ऐकू येत असेल तर मामला पुढे गेलाय. इंजिन जास्त तापतंय का, कूलंट पुरेसा आहे का, सिलिंडरमध्ये कार्बन साचलाय का, कुठून फुकटची हवा शिरून मिश्रण विरळ होतंय का, हे तपासावं लागतं. पावसाळ्यात बोनेटखाली ऊब शोधत आलेल्या उंदराने सेन्सरची वायर कुरतडलीय का हेही. हा विनोद नाही, गॅरेजांतला नेहमीचा अनुभव आहे.

चढावर नॉकिंगचा पहिला उपाय फुकट आहे: एक गियर खाली. इंजिन जलद फिरू लागलं की तेवढ्याच ताकदीसाठी प्रत्येक वेळी कमी मिश्रण पेटवावं लागतं, आणि कडेच्या मिश्रणाला तापत बसायला वेळही कमी मिळतो. "टॉप गियरमध्ये घाट चढवला" ही फुशारकी आपल्याकडे अजून ऐकू येते. ती इंजिनाला विचारून मारलेली नसते. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत तर कमी फेऱ्यांवर वरच्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबल्यावर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार होतो. त्याचा एखादाच दणका पिस्टन फोडू शकतो. २०२० पासून बाजारात आलेलं एपीआय एसपी दर्जाचं ऑइल हा धोकाही ध्यानात घेऊन ठरवलेलं आहे. डब्यावरची ही दोन अक्षरं बघून घ्यावीत.

ऑक्टेनबद्दल गैरसमज फार. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, तो त्याचा संयम आहे. दाबलं, तापवलं तरी ठिणगीची वाट बघण्याची तयारी. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० गुण आणि हेप्टेनला शून्य, या फूटपट्टीवर आपल्याकडचं साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ चं होतं. प्रीमियम पेट्रोलं ९५ पासून १०० पर्यंत मिळतात. ज्या इंजिनाला ९१ पुरतं त्याला १०० पाजून काही मिळत नाही. इथेनॉलचा आकडा १०८ च्या आसपास आहे, त्यामुळे ते मिसळलेल्या पेट्रोलने गाडी नॉक करते ही तक्रार निदान ऑक्टेनच्या हिशोबात बसत नाही. इथेनॉलमध्ये उष्णता कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेजबद्दलची कुरकुर मात्र रास्त आहे. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण विरळ होऊन ती तापते, हेही खरं. सीएनजीचा आकडा १२० च्या वर जातो. त्यामुळे ज्यांच्या गाडीत दोन्ही इंधनं आहेत त्यांच्या हातात आयती परीक्षा आहे. त्याच चढावर, त्याच गियरमध्ये आवाज पेट्रोलवर येतो आणि सीएनजीवर थांबतो का? थांबला तर नॉकिंग.

माझ्या फसलेल्या निदानाला मोठ्या माणसांची सोबत आहे, म्हणून हे सांगतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवरचं इग्निशन दिलं. पुढे इंजिनं नॉक करू लागली तेव्हा लोकांनी त्यांच्या इग्निशनवर खापर फोडलं. चिडून म्हणा किंवा कुतूहलाने, त्यांनी थॉमस मिजली या तरुण इंजिनियरला कामाला लावलं. दोघांनी तर्क लढवला, तो असा: तिकडे एका रानवेलीची पानं लालसर असतात आणि ती बर्फ सरता सरता फुलते, म्हणजे लाल रंग उष्णता लवकर शोषत असावा. मग इंधनच लाल केलं तर? प्रयोगशाळेत लाल रंग सापडेना, म्हणून मिजलींनी हाताशी असलेलं आयोडीन घातलं. नॉकिंग थांबलं! नंतर खरोखरीचे लाल रंग घालून बघितले, तर शून्य परिणाम. काम आयोडीनने केलं होतं, रंगाचा काही संबंध नव्हता.

त्यांनी दुसरा प्रयोग केला म्हणून ते वाचले. मी साताऱ्याच्या पंपावरून थेट व्याख्यानावर उतरलो होतो. पुढे मिजलींना ९ डिसेंबर १९२१ रोजी शिसेयुक्त रसायन सापडलं, टेट्राइथाइल लेड. ते आयोडीनपेक्षा स्वस्त आणि कितीतरी प्रभावी होतं. १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोल विक्रीला आलं आणि जगभरच्या हवेत शिसं मिसळू लागलं. भारतात ते देशभर बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडावी लागली. अल्जीरिया शेवटचा देश, २०२१. इंजिनाचा एक चिरका आवाज थांबवण्याची ही किंमत.

सेन्सर नव्हते तेव्हा आपल्याकडचे फियाट आणि अँबॅसिडरचे मिस्त्री कानालाच सेन्सर करत. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा, गाडी टॉपमध्ये टाकून पाय दाबायचा. अगदी पुसट नॉक ऐकू आलं की डिस्ट्रिब्युटर केसभर मागे. टायमिंग लाइट नसताना जमवलेलं ते काम आजही तोंडात बोट घालायला लावतं.

डिझेलवाल्यांनी इथे स्वतःची तुलना करू नये. तिथे ठिणगीच नसते, इंधन दाबाच्या उष्णतेनेच पेटतं, म्हणून थोडी खडखड हा त्या इंजिनाचा स्वभाव. १९९७ मध्ये आल्फा रोमियोच्या १५६ या गाडीतून कॉमन रेल पद्धत प्रवासी गाड्यांत आली आणि मुख्य फवाऱ्याआधी इंधनाचा चिमूटभर फवारा मारून हा दणका मऊ करता येऊ लागला. त्यामुळे चांगल्या चाललेल्या नव्या डिझेल गाडीची खडखड अचानक वाढली तर संशय इंजेक्टरवर. पाय दाबल्यावर 'फुस्स' असा मोठा श्वास ऐकू आला, मागून काळा धूर निघाला आणि गाडी ओढेनाशी झाली, तर टर्बोच्या हवेचा रबरी होज फाटलेला किंवा क्लिपमधून निसटलेला असतो. टर्बोची चाती मिनिटाला लाखावर फेरे घेते, तिची बारीक शीळ ऐकू येणं गैर नाही. ती शीळ सायरनसारखी चढू लागली की मात्र दाखवावी.

पाय दाबल्यावरच वाढणारे आणखी काही आवाज आहेत. सकाळी गार इंजिनावर टिकटिक-फटफट, पाय दाबला की जोरात, आणि दहा मिनिटांत कमी होणारी, ही बहुधा टॅपेटची नसते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग उडालेलं असतं. धातू तापून फुगला की फट बुजते, म्हणून आवाज थांबतो. फटीच्या तोंडाशी काजळीचा काळा पट्टा दिसतो. दुरुस्ती फार मोठी नसते, पण टाळू नये. त्या फटीतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो केबिनमध्ये शिरू शकतो. बंद पार्किंगमध्ये तर अशी गाडी चालू ठेवून कान लावत बसूच नये.

रेस दिली की 'चीं' करणारा पट्टा, म्हणजे गॅरेजांतला फॅन बेल्ट, ओळखणं सोपं आहे. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी फवारायचं. आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला तर पट्टा ढिला आहे, घसरतोय. ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि हात यांपासून लांब. पुढचा पंखा तर विजेवर असतो, तो न सांगता सुरू होतो. पट्ट्याला लावायचे स्प्रे मिळतात, ते मला आवडत नाहीत. आवाज जातो आणि कारण तसंच राहतं.

चढावर गाडी हिसके देत फडफडत असेल, ज्याला गाडी 'मिसिंग करते' म्हणतात, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर पाय लगेच सैल करावा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग भाजून निघतो. इथे निदानाची एक सुंदर रीत आहे. स्कॅनरवर पी०३०२ असा कोड आला, म्हणजे दुसरा सिलिंडर चुकतोय. दुसऱ्याची इग्निशन कॉइल काढून तिसऱ्यावर बसवायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर. गाडी फिरवून आणायची. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, नवी घ्या. पी०३०२ च राहिला तर कॉइल ठीक आहे, आता प्लग किंवा इंजेक्टर बघा. खर्च काही नाही, वेळ अर्धा तास. जो मेकॅनिक असं करतो त्याचा नंबर जपून ठेवावा. चारही कॉइल एकदम बदलणाऱ्याचा नाही.

वळण घेत पाय दाबल्यावर चाकापाशी 'कट कट कट' झालं तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरलं की तो लपत नाही. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आत उडालेलं दिसतं. बूट फाटल्या फाटल्या बदललं तर काम थोडक्यात आटोपतं, उशीर केला तर जॉइंट बदलावा लागतो.

एका आवाजापुढे मात्र प्रयोग नाहीत. खोलवरची, जड ठकठक, इंजिनाच्या तळाकडून, पाय दाबल्यावर वाढणारी आणि इंजिन तापलं तरी न जाणारी. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग. तिथली फट असते मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांशांची, केसाच्या जाडीपेक्षा कमी, आणि त्या फटीतली ऑइलची साय धातूला धातूपासून वेगळं ठेवते. ऑइल संपलं की साय तुटते. अशा वेळी गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं, डिपस्टिक बघावी आणि टोइंगवाल्याला फोन करावा. "हळूहळू नेतो घरापर्यंत" या वाक्याने कितीतरी क्रँकशाफ्ट संपवलेत. मुंबईत साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर अशी ठकठक आली तर कारण निराळं असू शकतं. हवेच्या वाटेने आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो रॉड. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, एकदाही नाही.

तर आमचे मिस्त्री. मी सांगितलं, "पाय काढला की लगेच थांबतो. गियर खाली घेतला तरी येतो, पण कमी. न्यूट्रलला येतच नाही." त्यांनी मान हलवली. महाग पेट्रोलाचं सांगितल्यावर ती थोडी जास्त हलली. मग गाडीच्या पुढे-मागे कुणी नाही हे बघितलं, हँडब्रेक ओढला, मला उजव्या पायाने ब्रेक दाबून ठेवायला सांगून पहिल्या गियरमध्ये क्लच अगदी हलका, अर्ध्यावर आणायला लावला. इंजिन भार घेऊन मागे झुकलं. बोनेट उघडं असल्याने काचेखालच्या फटीतून ते झुकताना मलाही दिसलं. आणि आला, खिळ्यांचा डबा. दोन सेकंद, बस. "सोडा."

मग गाडी रॅम्पवर. लांब पेचकस घेऊन त्याचं टोक एकेका ठिकाणी टेकवत आणि मुठीवर अंगठा ठेवून कान लावत ते आधी इंजिन ऐकत गेले. काही नाही. मग इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, पाइपावरच्या पातळ पत्र्याला बोटाने टिचकी मारली. सायलेन्सरच्या पाइपाची धग वर लागू नये म्हणून बसवलेला तो संरक्षक पत्रा. एका बाजूचा बोल्ट गंजून गळून गेला होता. इंजिन मागे झुकलं की त्याला जोडलेला पाइप सरकायचा, पत्र्याला टेकायचा आणि पत्रा झणझणायचा. दुसऱ्या गियरमध्ये फेरे वेगळे, त्यामुळे झणझण कमी. न्यूट्रलमध्ये इंजिन झुकतच नाही, म्हणून शांतता. पाण्याच्या नळीला लावतात तशी स्टीलची मोठी होज क्लिप पाइपाभोवती आवळली. क्लिप आणि मजुरी मिळून अडीचशे रुपये.

सहा महिने बरे गेले. मग आमच्या इमारतीच्या तळघरातून रिव्हर्समध्ये चढ चढताना 'धप्प' व्हायला लागलं. ते काय म्हणावं यावर घरात पुन्हा मतभेद झाले, सासूबाईंना ते 'दुडुम' वाटलं. मी मिस्त्रींना फोन लावला. "पत्रा नाही, क्लिप घट्ट आहे. रिव्हर्सला क्लच सोडताना एकदा येतो, पहिल्या गियरलाही निघताना येतो. गाडी चालू पडली की थांबतो."

पलीकडे पाना ठेवल्याचा आवाज आला. "फाउंडेशन," ते म्हणाले. इंजिन ज्या रबरांवर बसतं त्या माउंटिंगला ते तेच म्हणतात. "मागचं गेलंय. तेव्हाच थोडं ढिलं वाटलं होतं मला, म्हणून तर इंजिन एवढं झुकत होतं. या उद्या, साडेदहानंतर."

पंचेचाळीस हजारांचा तो कागद अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. खडबडीत रस्त्यावर तो कप्प्याच्या झाकणाला घासून वाजतो.